पॅरा खेळाडूची कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरिसहून २०२४ मध्ये भारताने २९ पदकं आणली: ७ सुवर्ण, ९ रौप्य, १३ कांस्य. तेव्हापासून पालक, पीटीचे शिक्षक आणि खुद्द खेळाडू यांच्याकडून तेच तेच प्रश्न येत आहेत. ते इथे एकत्र केले आहेत. भर शारीरिक दिव्यांगत्व असलेल्या खेळाडूंवर आहे. घाई असेल तर निदान प्रश्न २ आणि ८ वाचाच. बाकीच्या बहुतेक शंकांचं मूळ त्या दोनांत आहे.

१. पॅरालिम्पिक नेमकं कुणासाठी असतं? माझा भाचा कर्णबधिर आहे, त्याला खेळता येईल का?

पॅरालिम्पिकमध्ये दहा प्रकारची दिव्यांगत्वं धरली जातात, त्यांतली आठ शारीरिक. पोलिओ किंवा मज्जारज्जूच्या इजेमुळे स्नायूंची ताकद जाणं, सांध्याची हालचाल अडणं, हात किंवा पाय नसणं, दोन पायांच्या लांबीत फरक असणं आणि उंची खूप कमी असणं हे पाच प्रकार. उरलेले तीन बहुधा सेरेब्रल पाल्सीत दिसतात: स्नायू ताठरणं, तोल आणि ताळमेळ न राहणं, आपोआप हालचाली होणं. शिवाय दृष्टी आणि बौद्धिक दिव्यांगत्व. ऐकू न येणं या यादीत नाही. कर्णबधिरांसाठी डेफलिम्पिक्स ही स्वतंत्र स्पर्धा आहे, तेव्हा भाच्याला त्या वाटेला लावा. स्पेशल ऑलिम्पिक्स हे तिसरंच प्रकरण, ते बौद्धिक दिव्यांगांसाठी आहे.

२. माझ्याकडे सिव्हिल हॉस्पिटलचं ५५ टक्क्यांचं प्रमाणपत्र आहे. म्हणजे मी पात्र ना?

तसं सांगता येत नाही. सगळ्यांत जास्त घोटाळा इथेच होतो.

टक्केवारीचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) हे सरकारी कामाचे कागद आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर आरक्षण, सवलती वगैरे लागू होतात. देशांतर्गत स्पर्धेचा अर्ज भरतानाही हे कागद मागितले जातात. पण मैदानावरचा प्रश्न वेगळा असतो: तुमच्या शरीरातली अडचण *या खेळात* तुम्हाला किती अडवते? त्यासाठी प्रत्येक खेळाने स्वतःचे किमान निकष ठरवले आहेत. ॲथलेटिक्समध्ये पायांच्या लांबीतला फरक किमान ७ सेंटिमीटर हवा. कमी उंचीच्या गटात पुरुषांची उंची १४५ आणि महिलांची १३७ सेंटिमीटरपर्यंतच चालते. हाताची एक-दोन बोटं गेली असतील तर तेवढ्यावर धावण्यासाठी क्लास (म्हणजे खेळातला गट) मिळत नाही. हिमोफिलिया किंवा थॅलेसेमिया कायद्याच्या यादीत आहेत, पॅरालिम्पिकच्या नाहीत. नुसत्या वेदनेलाही क्लास नाही.

म्हणून ७० टक्केवाला अपात्र ठरतो आणि ४५ टक्केवाला देशासाठी खेळतो, असं घडतं. त्यात अन्याय नाही, दोन्ही मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत.

३. टी४७, एफ४६, एसएल३ ही काय भानगड आहे?

हे क्लास, म्हणजे खेळातले गट. ॲथलेटिक्समध्ये ‘टी’ हे अक्षर धावणं आणि उड्यांसाठी, ‘एफ’ हे फेकीच्या प्रकारांसाठी. पुढच्या आकड्यांतला पहिला अंक प्रकार सांगतो. ३० च्या घरात सेरेब्रल पाल्सीसारखे खेळाडू, ४० आणि ४१ कमी उंचीचे, ४२ ते ४४ पायात दोष असलेले, ४५ ते ४७ हातात दोष असलेले, ५० च्या घरात बसून खेळणारे, ६१ ते ६४ कृत्रिम पाय लावून खेळणारे. एका घराच्या आत साधारणपणे आकडा जितका लहान तितकी अडचण मोठी.

पोहण्यात एस१ ते एस१० हे शारीरिक गट. बॅडमिंटनमध्ये व्हीलचेअरचे दोन, उभं राहून खेळणाऱ्यांचे एसएल३, एसएल४, एसयू५ आणि कमी उंचीचा एसएच६. एसएल३ची एकेरी अर्ध्या कोर्टावर होते, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या पटकन लक्षात येत नाही.

एकच खेळाडू दोन खेळांत दोन वेगळ्या क्लासमध्ये असू शकतो. एका खेळात पात्र आणि दुसऱ्यात अपात्र, हेही शक्य आहे.

४. क्लासिफिकेशनच्या, म्हणजे क्लास ठरवण्याच्या खोलीत नेमकं काय करतात? मुलगी घाबरली आहे.

घाबरण्यासारखं काही नाही, तयारी मात्र हवी. आंतरराष्ट्रीय पातळीवर आधी ठरावीक नमुन्यातला वैद्यकीय अर्ज जातो, सोबत निदानाचे रिपोर्ट, एक्स-रे वगैरे. मग किमान दोन क्लासिफायर तपासतात. स्नायूंची ताकद हाताने दाब देऊन शून्य ते पाच अशी मोजली जाते, सांध्याचे कोन मोजले जातात. त्यानंतर खेळातल्या हालचाली करून दाखवायला सांगतात: गोळा धर, फेकीची पोझिशन घे, धावून दाखव. गरज वाटली तर प्रत्यक्ष स्पर्धेतही नजर ठेवतात.

मुलीसोबत एक माणूस आत जाऊ शकतो. भाषेची अडचण असेल तर दुभाषाही नेता येतो. स्पर्धेत वापरायचे बूट, कृत्रिम पाय, पट्टे सगळं सोबत न्या. आणि तिला एकच गोष्ट बजावा: जेवढं जमतं तेवढं पूर्ण ताकदीने करायचं. ‘कमी दाखव, सोपा क्लास मिळेल’ असा सल्ला देणारे शहाणे प्रत्येक मैदानावर भेटतात. मुद्दाम कमी दाखवणं हा नियमभंग आहे आणि त्याला बंदीची शिक्षा आहे.

५. भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण अभिनव बिंद्राचं की मुरलीकांत पेटकरांचं?

दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, स्पर्धा वेगळ्या. ऑलिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण बिंद्राचं, २००८ चं. पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण पेटकरांचं, १९७२ चं, हायडलबर्गमधलं. ५० मीटर फ्रीस्टाइल, ३७.३३ सेकंद, तेव्हाचा विश्वविक्रम.

पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. सैन्यात ईएमईमध्ये (यंत्रसामग्रीची देखभाल करणाऱ्या शाखेत) होते, बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर लुळं पडलं आणि उपचार म्हणून पोहणं सुरू झालं. त्यांच्या कारकिर्दीत बोचणारी गोष्ट पुढची आहे. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, आणि अर्जुन पुरस्कार, तोही जीवनगौरव म्हणून, जानेवारी २०२५ मध्ये. तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. पदक ते पुरस्कार हे अंतर बावन्न वर्षांचं. आजच्या खेळाडूंना पदकानंतर महिनाभरात धनादेश मिळतो, तो या माणसाच्या वाट्याला आलेल्या शांततेच्या पार्श्वभूमीवर पाहावा.

६. मी २६ वर्षांचा आहे, दोन वर्षांपूर्वी अपघातात पाय गेला. आता सुरुवात करणं म्हणजे उशीर नाही का?

नाही. मुंबईत वाढलेल्या मानसी जोशीचा अपघात डिसेंबर २०११ मध्ये झाला. ती तेव्हा बावीस वर्षांची इंजिनिअर होती आणि डावा पाय कापावा लागला. २०१५ मध्ये मिश्र दुहेरीत तिला जागतिक स्पर्धेचं रौप्य मिळालं आणि २०१९ मध्ये बासेलला ती एकेरीची जगज्जेती झाली. बॅडमिंटन ती लहानपणापासून खेळत होती, हे विसरू नका. अपघाताआधी अंगात मुरलेला खेळ वाया जात नाही.

सचिन खिलारींची वाट आणखी वेगळी. ते आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे. शाळकरी वयात सायकलवरून पडून हाताला गँगरीन झालं आणि हात वाचला तरी त्यातली ताकद गेली. पुढे इंजिनिअरिंग, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास, मुलांना शिकवणं हे सगळं झालं. पॅरा खेळांकडे ते पंचविशीच्या आसपास वळले, आधी भालाफेक आणि नंतर दुखापतीमुळे गोळाफेक. पॅरिसला एफ४६ गटात १६.३२ मीटर फेकून रौप्य घेतलं तेव्हा वय ३४ होतं. सुवर्ण सहा सेंटिमीटरने हुकलं. कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टची फेक १६.३८ होती.

फेक आणि नेमबाजीत कारकीर्द लांब चालते. कमी अंतराच्या धावण्यात आणि पोहण्यात वयाचा हिशेब कडक असतो.

७. कुठला खेळ निवडावा?

आवडतो तो. पण त्याआधी तीन गोष्टी तपासा: त्या खेळात तुम्हाला क्लास मिळतो का, रोज जाता येईल एवढ्या अंतरावर सोय आहे का, आणि साहित्याचा खर्च झेपेल का.

करमाळा तालुक्यातल्या सुयश जाधवचे दोन्ही हात विजेच्या धक्क्यात कोपराखाली गेले, पण वडील स्वतः पोहणारे होते. पुढे तो २०१६ ला रिओला पोहोचला आणि २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये सुवर्ण घेऊन आला. सुरगाण्याच्या दिलीप गावितचा हात लहानपणी झाडावरून पडून गेला, पण पाय पक्के होते. आदिवासी पाड्यावरच्या मुलाला धावायला वेगळा खर्च नव्हता. हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्याने ४०० मीटर ४९.४८ सेकंदांत पळून सुवर्ण मिळवलं आणि ते भारताचं शंभरावं पदक ठरलं. कोल्हापूरच्या स्वरूप उन्हाळकरने नेमबाजी घेतली. कोल्हापुरात नेमबाजीची परंपराच आहे. टोकियोत तो चौथा आला. तिघांनीही हाताशी असलेलं धरलं.

आणि चौथी तपासणी, जी बहुतेक जण विसरतात, ती पुढच्या प्रश्नात.

८. सर म्हणतात, तुझ्या क्लासचा इव्हेंट पॅरालिम्पिकमध्ये नाही. असं कसं?

असं होतं, आणि पॅरा कारकिर्दीतली सगळ्यांत क्रूर गोष्ट हीच आहे. प्रत्येक खेळात क्लास अनेक आणि पदकांच्या जागा मर्यादित. त्यामुळे प्रत्येक पॅरालिम्पिकला कोणत्या क्लासला कोणता इव्हेंट द्यायचा हे नव्याने ठरतं. ज्या क्लासमध्ये जगभरातून पुरेसे खेळाडू नाहीत तो वगळला जातो.

देवेंद्र झाझरियाने २००४ मध्ये अथेन्सला एफ४६ भालाफेकीत ६२.१५ मीटर फेकून विश्वविक्रमासह सुवर्ण घेतलं. २००८ मध्ये बीजिंगला हा इव्हेंट नव्हता, २०१२ मध्ये लंडनलाही नव्हता. म्हणजे खेळाडू ऐन भरात आणि स्पर्धाच नाही. तो थांबला असता तर कुणी नावं ठेवली नसती. २०१६ मध्ये इव्हेंट परत आला तेव्हा त्याने रिओत ६३.९७ फेकून स्वतःचाच विश्वविक्रम मोडला. टोकियोत रौप्य घेतलं ते ६४.३५ ला. मधल्या बारा वर्षांत जागतिक आणि आशियाई स्पर्धांनी त्याला तगवलं.

मानसी जोशीलाही हाच फटका बसला. २०१९ ची जगज्जेती, पण टोकियोत महिलांच्या एसएल३ गटाची एकेरीच नव्हती. ती मिळाली थेट पॅरिसला.

तेव्हा खेळ पक्का करण्याआधी २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमात आपला क्लास आहे का ते पाहून घ्या. नसेल तर लगेच खेळ सोडू नका, पण त्याच क्लासमध्ये दुसरा इव्हेंट जमतो का हे चाचपून ठेवा. थाळी फेकणाऱ्याला गोळा शिकणं फार परकं नसतं.

९. एकाच स्पर्धेत दोन वेगळे क्लास खेळताना दिसले. हे बरोबर आहे का?

नियमानुसार बरोबर. न्यायाचं विचाराल तर वाद घालायला जागा आहे. खेळाडू कमी असले की शेजारचे क्लास एकत्र करतात. बहुधा कमी अडचणीच्या क्लासच्या नावाने इव्हेंट होतो आणि जास्त अडचणवाल्यांना ‘वर’ खेळावं लागतं.

भालाफेकीतलं उदाहरण पाहा. संदीप चौधरी एफ४४ चा, म्हणजे पायात दोष पण कृत्रिम पाय नाही. सुमित अंतिल एफ६४ चा, कृत्रिम पाय लावून फेकणारा. २०१९ च्या दुबईतल्या जागतिक स्पर्धेत संदीप ६६.१८ च्या विश्वविक्रमासह पहिला आला होता. दुबईप्रमाणेच टोकियो आणि पॅरिसलाही दोन्ही गट एकत्र होते. सुमितने दोन्ही वेळा सुवर्ण घेतलं, पॅरिसला तर ७०.५९ मीटर. संदीप दोन्ही वेळा चौथा. सुमितची फेक कुठल्याही गटात अफाटच आहे, म्हणून संदीपचं दुःख कुणाला फारसं ऐकू आलं नाही.

१०. आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. पहिलं पाऊल कुठे टाकायचं?

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा आणि राज्याच्या पॅरा संघटनेच्या निवड चाचण्यांची तारीख विचारा. राज्य स्पर्धा, तिथून राष्ट्रीय स्पर्धा, आणि त्यापुढे भारतीय पॅरालिम्पिक समिती संघ निवडते. २०२३ च्या डिसेंबरपासून खेलो इंडिया पॅरा स्पर्धाही सुरू झाल्या आहेत. आंतरराष्ट्रीय क्लास मात्र मान्यताप्राप्त स्पर्धेतच मिळतो. पूर्वी त्यासाठी परदेशवारी ठरलेली असायची. २०२५ मध्ये दिल्लीत ग्रां प्री ही आंतरराष्ट्रीय पॅरा ॲथलेटिक्स स्पर्धा आणि नंतर जागतिक पॅरा ॲथलेटिक्स स्पर्धा झाली, तेव्हा काही जणांचा तो खर्च वाचला.

कोच ‘पॅरा’चाच हवा असा हट्ट धरू नका. गावित नाशिकला वैजनाथ काळे सरांकडे धडधाकट मुलांबरोबरच पळायचा. पुण्यात असाल तर बालेवाडीचं क्रीडा संकुल आहेच. सैन्यातल्या जखमी जवानांसाठी खडकीच्या बीईजी (सैन्याच्या अभियंता दलाच्या) केंद्रात वेगळी सोय आहे. सुरुंगस्फोटात पाय गमावलेले होकाटो सेमा तिथूनच घडले आणि पॅरिसला एफ५७ गोळाफेकीत कांस्य घेऊन आले.

११. ब्लेड, व्हीलचेअर, फ्रेम यांचा खर्च ऐकून धडकी भरते. त्यांशिवाय काही होत नाही का?

होतं. पोहताना कृत्रिम अवयव लावताच येत नाही, त्यामुळे तो खर्च शून्य. हातात दोष असलेल्या धावपटूला स्पाइक्स पुरतात. बसून फेक करणाऱ्याला थ्रोइंग फ्रेम, म्हणजे बसून फेकण्याची पक्की चौकट लागते, ती गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडूनही बनवता येते. फक्त गादीसकट आसनाची उंची ७५ सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये आणि पट्टे ताणले जाणारे नकोत.

धावण्याची कार्बन फायबरची ब्लेड (वाकदार कृत्रिम पाय) खरोखर महाग असते, शिवाय वजन आणि खेळाप्रमाणे बदलावी लागते. रोज चालायला जयपूर फूट उत्तम, पण त्यावर शंभर मीटरची शर्यत मारायला जाऊ नका, स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, सोलवटून निघेल. आधी कमी खर्चाच्या प्रकारात राष्ट्रीय पातळी गाठावी, मग ब्लेडसाठी मदत मागावी. हातात निकाल असला की दार लवकर उघडतं.

१२. यावर घर चालतं का?

पहिली काही वर्षं नाही. स्पष्टच सांगितलेलं बरं. घरच्यांचा हात, नोकरी किंवा एखादा स्थानिक दाता यांच्या जोरावरच बहुतेकांची सुरुवात होते.

वरच्या पातळीवर चित्र बदललं आहे. केंद्राच्या ‘टॉप्स’ योजनेच्या (पदकाची आशा असलेल्या खेळाडूंना मदत देणाऱ्या) मुख्य गटात निवड झाली की प्रशिक्षणाच्या खर्चाशिवाय महिन्याला ५०,००० रुपये मिळतात, विकास गटात २५,०००. पॅरिसच्या पदकविजेत्यांना केंद्राने सुवर्णासाठी ७५ लाख, रौप्यासाठी ५० लाख आणि कांस्यासाठी ३० लाख दिले. राज्याचं बक्षीस वेगळं. शिवछत्रपती पुरस्कारात दिव्यांग खेळाडूंसाठी स्वतंत्र गट आहे. अडचण आहे ती मधल्या थरात, राष्ट्रीय पदक आहे पण आंतरराष्ट्रीय नाही अशांची. शिक्षण सोडू नका म्हणतो ते यांच्यासाठी. खिलारी, मानसी आणि सांगलीचा बॅडमिंटनपटू सुकांत कदम, तिघेही इंजिनिअर आहेत.

१३. एकदा मिळालेला क्लास बदलू शकतो का? पदक परत घेतात का?

दोन्ही होतं. क्लाससोबत एक दर्जा मिळतो. ‘कन्फर्म्ड’ असेल तर सहसा पुन्हा तपासणी नाही. ‘रिव्ह्यू’ असेल तर पुढच्या स्पर्धेत किंवा ठरलेल्या तारखेनंतर पुन्हा तपासतात. वाढीच्या वयातली मुलं आणि बदलत जाणारे आजार यांत हे नेहमीचं आहे.

टोकियोत विनोद कुमारने एफ५२ थाळीफेकीत कांस्य जिंकलं. प्रतिस्पर्ध्यांनी हरकत घेतली, पुन्हा तपासणी झाली, क्लास देता येत नाही असं पॅनेलने ठरवलं आणि निकाल रद्द झाला. स्पर्धेच्या काही दिवस आधी त्याच गटात त्याला पात्र धरलं होतं. म्हणून ‘रिव्ह्यू’वर असलेल्या खेळाडूने मोठ्या स्पर्धेआधीच तपासणी उरकून घ्यावी. मुक्कामी पोहोचल्यावर निकाल फिरला तर चार वर्षं हातची जातात.

१४. दुखण्यासाठी रोज गोळ्या घेते. डोपिंगमध्ये अडकेन का?

औषधावर अवलंबून आहे. डॉक्टरांनी लिहून दिलंय हे कारण पुरत नाही. बंदी असलेलं औषध खरंच गरजेचं असेल तर उपचारासाठीची सवलत आधी लेखी मिळवावी लागते. नेमबाजांनी रक्तदाबाच्या गोळ्यांकडे खास लक्ष द्यावं, कारण बीटा ब्लॉकर तिथे चालत नाहीत.

औषध न घेताही अडकता येतं. टोकियोचा सुवर्णविजेता बॅडमिंटनपटू प्रमोद भगत पॅरिसला नव्हता. बारा महिन्यांत तीनदा ठावठिकाण्याची (चाचणीसाठी आपण कुठे सापडू हे कळवण्याची) चूक झाल्यामुळे अठरा महिन्यांची बंदी आली होती.

आणखी एक प्रकार फक्त पॅरा खेळांतला. पाठीच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा असलेल्यांच्या शरीरात खाली काही टोचलं, दाबलं किंवा लघवी तुंबली की रक्तदाब अचानक चढतो. काही जण तो मुद्दाम चढवतात, कारण त्याने कामगिरी सुधारते. याला बूस्टिंग म्हणतात. त्यावर बंदी आहे आणि त्यात मेंदूत रक्तस्राव होऊन जीवही जाऊ शकतो. कुणी ‘युक्ती’ म्हणून सांगितलं तर त्या माणसापासून लांब राहा.

१५. मला कुबडीशिवाय चालता येतं. तरी व्हीलचेअरचा खेळ खेळता येतो?

येतो, निकष पूर्ण होत असतील तर. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये प्रत्येकाला १.० ते ४.५ गुण असतात आणि मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाता येत नाही. सामना संपल्यावर उठून चालणारे खेळाडू त्यात असतातच. प्रेक्षकांनी ‘नाटक करतो’ म्हणायचं कारण नाही. पात्रतेचं कोडं प्रश्न २ मध्ये सुटलं आहे.

१६. पॅरा खेळाडू ऑलिम्पिकमध्ये खेळू शकतो का?

पात्रता गाठली तर हो. हंगेरीच्या कारोली ताकाच यांचा पिस्तूल धरायचा उजवा हात १९३८ मध्ये हातबॉम्बने निकामी झाला. ते डावखुरे बनले आणि १९४८, १९५२ अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णं जिंकले. दक्षिण आफ्रिकेची नताली द्यु त्वा एका पायाने बीजिंगला १० किलोमीटर पोहली आणि त्याच वर्षी पॅरालिम्पिकलाही उतरली.

अडतं ते ब्लेडपाशी. ऑस्कर पिस्टोरियसला २०१२ मध्ये लंडनला धावू दिलं. जर्मनीच्या लांबउडीपटू मार्कुस रेमला मात्र टोकियोची परवानगी मिळाली नाही. ब्लेडचा फायदा होत नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी पूर्वी खेळाडूवरच टाकलेली होती, आणि प्रयोगशाळेतल्या त्या चाचण्यांचा खर्च एकट्यादुकट्या खेळाडूच्या आवाक्यातला नव्हता; २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ही अट बेकायदा ठरवली.